जुन्या स्कोपचा पार्ट शोधताय? आधी टेबलावर शोधा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक होत असेल तर तिथेच कळेल. इंदूरच्या छावणीतल्या एका कबाड्याकडून तुम्ही चार हजारांत टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा जुना ऑसिलोस्कोप उचललात, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र; पुढे नुसतं स्कोप म्हणतो. पंखा फिरतो, पॅनेलवरचे दिवे लागतात, पण पडद्यावर ट्रेस, म्हणजे ती उजळ रेषा, नाही. शिवाय कॉलेजने राइट-ऑफ केलेला सायंटिफिक कंपनीचा एचएम२०३ हा दुसरा स्कोप घरी आहे. त्यावर ट्रेस येतो, पण रेषा सरळ राहत नाही, लाटेसारखी हलते. दोन-तीन मेकॅनिकांना दाखवलंत, सगळ्यांनी 'याचे पार्ट आता येत नाहीत' म्हणून परत पाठवलं. आता तुम्हाला इंदुरातल्या एखाद्या दुकानाचं नाव हवंय, किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फेरी मारू का, याचं उत्तर हवंय.

असं दुकान इंदुरात नाही. जेल रोडवर मोबाइलचे पार्ट मिळतील, महाराणी रोडवर वायर आणि स्विच मिळतील. ट्रान्झिस्टर-कपॅसिटर विकणारी थोडी दुकानं आहेत आणि ती कामाची आहेत, पण तिथे जाऊन '४६५ चा पार्ट द्या' म्हणालात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. लॅमिंग्टन रोडलाही तेच होईल, फक्त रेल्वेचं भाडं वाढेल. कारण कोणता पार्ट हवा हे तुम्हालाच अजून माहीत नाही. 'ट्रेस नाही' हे लक्षण झालं. त्यामागे आठ रुपयांचा कपॅसिटर असू शकतो आणि जगात कुठेच नवीन न मिळणारी पिक्चर ट्यूबही असू शकते. पस्तीसेक वर्षं हेच काम करतोय, त्यावरून सांगतो: पार्ट शोधण्याचं तीन चतुर्थांश काम मीटर आणि मॅन्युअल घेऊन टेबलावर होतं. बाजार शेवटी येतो.

माझीच एक जुनी फजिती ऐका. धंद्यात नवा होतो. एका कॉलेजचा ४६५ आला होता, लक्षण अगदी तुमच्यासारखंच. मी मनाशी ठरवून टाकलं की हाय व्होल्टेज मल्टिप्लायर गेला. अमेरिकेतल्या एका सरप्लसवाल्याला पत्र लिहिलं, पैसे पाठवले, तीन महिने वाट पाहिली. मल्टिप्लायर आला, बसवला, ट्रेस नाहीच. मग शहाण्यासारखा सप्लाय, म्हणजे आतल्या सर्किटांना मिळणारे व्होल्टेज, मोजायला बसलो, तर १५ व्होल्टच्या लाइनवर अर्धा व्होल्टही नव्हता. एक टँटॅलम कपॅसिटर शॉर्ट झाला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तो मल्टिप्लायर अजून माझ्या कपाटात आहे, आठवण म्हणून.

म्हणून आधी तुमच्या ४६५ बद्दल. हा १९७२ मध्ये आलेला, १०० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा स्कोप. टेक्ट्रॉनिक्सच्या सर्वांत लोकप्रिय स्कोपांपैकी एक, आणि तुमचं नशीब म्हणजे सर्व्हिस मॅन्युअल इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात प्रत्येक पार्टचा नंबर, बोर्डावरची जागा आणि जागोजागचे व्होल्टेज छापलेले आहेत. मॅन्युअल नसलेल्या यंत्राच्या दुरुस्तीला मी आजही दुप्पट पैसे सांगतो.

पहिलं पाऊल फुकटचं आहे. व्होल्टेज सिलेक्टर २३० वरच आहे ना, बघा. मग पुढच्या पॅनेलवरचं बीम फाइंडरचं बटण दाबून इंटेन्सिटी वाढवा. ठिपका किंवा आखूड रेष दिसली तर ट्यूब आणि हाय व्होल्टेज जिवंत आहेत, बीम फक्त पडद्याबाहेर गेलाय. पुष्कळ 'मेलेले' स्कोप इथेच उठून बसतात. काहीच दिसलं नाही तर कव्हर काढून कमी व्होल्टेजचे पाच सप्लाय मोजा: ११०, ५५, १५, ५ आणि उणे ८ व्होल्ट. सुरुवात ५५ पासून करा, कारण बाकीचे सप्लाय त्याच्या आधारावर उभे आहेत. तोच ढळला असेल तर इतर आकड्यांना अर्थ नाही. एखादा सप्लाय शून्याजवळ सापडला तर पॉवर बंद करा, काही मिनिटं थांबा आणि त्या लाइनचा ग्राउंडशी, म्हणजे चॅसिसशी, रेझिस्टन्स मोजा. एक-दोन ओहम आले तर ८० टक्के खात्रीने सांगतो, टँटॅलम शॉर्ट आहे. हा टक्का माझ्या टेबलावरचा, पुस्तकातला नव्हे.

मग त्या लाइनवर पंधरा-वीस टँटॅलम असतील त्यातला कोणता, हा प्रश्न. सगळे उपटत बसू नका, बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक सोलून निघतील. बेंच सप्लायवरून (टेबलावरचा, व्होल्टेज बदलता येणारा सप्लाय) एक व्होल्टपेक्षा कमी आणि अर्ध्या अँपिअरची मर्यादा लावून त्या लाइनमध्ये करंट सोडा (स्कोप अर्थातच मेनमधून काढलेला), आणि मिलिव्होल्टवर मीटर ठेवून ट्रॅकने पुढे सरका. करंट ज्या दिशेने जातोय तिकडे मिलिव्होल्ट उतरत जातात, आणि जिथे उतरायचे थांबतात तिथे चोर बसलेला असतो. कधी बोटालाच गरम लागतो.

एक ताकीद देतो आणि पुढे जातो. ट्यूबच्या कॅथोडला दोन हजारांपेक्षा जास्त व्होल्ट असतात आणि अॅनोडला त्याच्या कित्येक पट. स्विच बंद केल्यावरही चार्ज टिकतो. साध्या मल्टिमीटरच्या प्रोबने तिथे हात घालू नका. मीटरवर १००० व्होल्ट लिहिलेलं असतं ते उगाच नसतं. आमच्याकडे सांगायची पद्धत होती, एक हात खिशात. अजूनही चांगलीच आहे.

समजा पार्ट सापडला. आता त्याचं खरं नाव शोधायचं. 'पार्ट मिळत नाहीत' या समजुतीचं मोठं कारण मला इथेच दिसतं. जुन्या कंपन्या बाजारातला साधा ट्रान्झिस्टर घेऊन त्यावर आपल्या घरचा नंबर छापायच्या. टेक्ट्रॉनिक्समध्ये १५१ ने सुरू होतो तो ट्रान्झिस्टर, १५२ म्हणजे डायोड, १५६ म्हणजे बाहेरून विकत घेतलेली आयसी, आणि १५५ म्हणजे कंपनीने स्वतः बनवलेली आयसी. २९० हे इलेक्ट्रोलिटिक आणि टँटॅलम कपॅसिटर, ३११ म्हणजे पॉट, फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स. आता १५१-०१९०-०० हा नंबर घेऊन दुकानात गेलात तर हात हलवत परत याल; पण तो आहे आपला २एन३९०४. १५१-०१८८-०० म्हणजे २एन३९०६. १५२-०१४१-०२ म्हणजे १एन४१५२, आणि त्याच्या जागी बहुतेक ठिकाणी १एन४१४८ चालतो, तो तर किलोवर मिळतो म्हणा ना.

एचपीचंही तसंच. १८५४ म्हणजे एनपीएन ट्रान्झिस्टर, १८५३ म्हणजे पीएनपी ट्रान्झिस्टर, १८२० म्हणजे डिजिटल आयसी, १८२६ म्हणजे अॅनालॉग आयसी. १८५४-०२१५ पुन्हा तोच २एन३९०४, आणि १८२०-००५४ म्हणजे साधी ७४०० लॉजिक आयसी. फिलिप्सचे नंबर ४८२२ किंवा ५३२२ ने सुरू होतात, बारा आकडी. त्यात पुढचे तीन आकडे १२४ असतील तर इलेक्ट्रोलिटिक, १३० असतील तर डायोड-ट्रान्झिस्टर, २०९ असतील तर आयसी. टेक्ट्रॉनिक्स आणि एचपीच्या अशा घरच्या नंबरांच्या यादीला क्रॉस रेफरन्स म्हणतात. हौशी लोकांनी त्या स्कॅन करून ठेवल्या आहेत. मी त्या छापून, बाइंडिंग करून ठेवल्यात. बायको त्याला माझं पंचांग म्हणते.

पण पंचांगावर डोळे मिटून विश्वास नको. कंपनी कधी कधी साधाच ट्रान्झिस्टर घ्यायची आणि त्यातून निवडून काढायची: जास्त ब्रेकडाउन व्होल्टेजचे, जुळणाऱ्या गेनचे, किंवा कमी लीकेजचे. यादीत फक्त मूळ नंबर दिसतो, निवड दिसत नाही. म्हणून सर्किटात तो पार्ट काय करतोय ते बघा. लॉजिकमध्ये स्विच म्हणून असेल तर काहीही बसवा. इनपुटच्या पहिल्या टप्प्यातला जोडीचा एफईटी (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) असेल तर जोडी जुळलीच पाहिजे, नाहीतर ट्रेस तापमानाबरोबर वरखाली चालू लागेल. स्वीपच्या किंवा ट्यूबच्या डिफ्लेक्शन प्लेटच्या ट्रान्झिस्टरला व्होल्टेज आणि वेग दोन्ही लागतात. तिथे गेन जुळवून उपयोग नाही.

बदली पार्ट घेताना कपॅसिटरची भीती बाळगू नका. जुन्या इलेक्ट्रोलिटिकची किंमत तशीही उणे १० पासून अधिक ५० टक्क्यांपर्यंत, काहींची त्याहूनही ढिली असायची. त्यामुळे ४० मायक्रोफॅरडच्या जागी ४७ लावला तर यंत्राला कळणारही नाही. व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं, एवढं पाळा. आपल्याकडे नाशिकची अल्कॉन, केरळची केल्ट्रॉन हे कपॅसिटर बनवतात. छोटे मोजके हवे असतील तर माउझर, डिजिकी, एलिमेंट१४ यांच्याकडून एकत्र ऑर्डर करा. जुना मोठा डबा एकाच डब्यात तीन कपॅसिटरवाला असेल तर तो जागेवरच राहू द्या, त्याचे पाय तोडून खालच्या बाजूला तीन नवीन लावा. दिसायला जुनं, आतून नवं.

टँटॅलमच्या जागी मी मूळच्या दीडपट ते दुप्पट व्होल्टेजचा टँटॅलम लावतो, किंवा जागा असेल तर साधा इलेक्ट्रोलिटिक. इथे एक चूक शिकाऊ मुलं हमखास करतात: टँटॅलमवर खूण अधिकची असते, साध्या इलेक्ट्रोलिटिकवर उण्याची. पट्टीला पट्टी जुळवून लावलात तर पाच सेकंदांत फटाका वाजेल.

मेनच्या बाजूला कागदी, पारदर्शक पिवळसर रेझिनमधला रीफा कंपनीचा कपॅसिटर दिसला, आणि त्यावर केसांसारख्या भेगा असल्या, तर यंत्र चालू करण्याआधीच तो काढा. भेगांतून ओल शिरते आणि एके दिवशी खोलीभर धूर होतो. त्या जागी २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ वर्गाचाच लावायचा. पंख्याचा कपॅसिटर किंवा ६३० व्होल्ट डीसीचा चालवून घेऊ नका. तो शॉर्ट झाला तर आगीशी गाठ आहे.

ट्रान्झिस्टरमध्ये दिल्लीची सीडीआयएल जुने धातूच्या टोपीचे नंबर बरेच बनवते, ते माझ्या डब्यात कायम असतात. पण 'नवा म्हणजे चांगला' हे इथे नेहमी खरं नाही. जुन्या बेंच सप्लायमधला २एन३०५५ घ्या. जुन्या पद्धतीने बनलेला तो ट्रान्झिस्टर संथ होता, एक मेगाहर्ट्झच्याही आत दमायचा. आजचा २एन३०५५ वेगळ्या रचनेचा, कितीतरी चपळ. बसवला की सप्लाय व्होल्टेज बरोबर देतो, पण आतल्या आत शिट्टी मारायला लागतो, म्हणजे ऑसिलेट होतो. मीटरला कळत नाही, दुसऱ्या स्कोपवर दिसतं. बेसला छोटा रेझिस्टन्स किंवा भरपाईचा कपॅसिटर वाढवून शांत करावा लागतो. तसंच सेलेनियम रेक्टिफायरचं: त्याच्या जागी सिलिकॉन डायोड लावलात तर ड्रॉप कमी झाल्यामुळे व्होल्टेज चढतं, म्हणून मालिकेत रेझिस्टन्स हवाच. आणि ७४१२१ सारख्या टायमिंगच्या आयसीत जुन्या ७४ मालिकेऐवजी दुसऱ्या कुळातली लावलीत तर वेळेचा हिशेब पुन्हा तपासा.

आता जे बदलता येत नाही त्याकडे येऊ. पिक्चर ट्यूब, टेक्ट्रॉनिक्सची १५५ नंबरवाली आयसी, हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर, अॅटेन्युएटरचे हायब्रिड, कॅम स्विच, आणि अगदी जुन्या ट्रिगर सर्किटांतले टनेल डायोड. याला पर्याय एकच: दाता, म्हणजे त्याच मॉडेलचं दुसरं मेलेलं यंत्र. आणि दाता घेताना भावना बाजूला ठेवा. ट्यूब चांगली आणि सप्लाय जळलेला, असा दाता सोन्यासारखा. ट्यूब फुटलेली पण बाकी बोर्ड शाबूत, तोही चालेल. दोन्ही नाही, फक्त कॅबिनेट चकचकीत, असा दाता घेऊ नका, मग कितीही स्वस्त असो.

दात्याच्या बाबतीत तुमचा एचएम२०३ तुम्हाला माहीत नसलेलं वरदान आहे. जर्मनीच्या हामेगच्या डिझाइनवर आपल्या पोलोग्राउंडमधल्या सायंटिफिकने हे स्कोप इथेच इंदुरात बनवले, आणि देशभरातल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये गेले. आपल्या भागातली पॉलिटेक्निक आणि आयटीआयची स्टोअररूम उघडा, दोन-चार तरी धूळ खात पडलेले सापडतील. शिवाय हामेगने घरच्या नंबरांची लपवाछपवी फारशी केली नाही. पार्टच्या यादीत बीसी आणि बीएफ मालिकेचे युरोपीय नंबर सरळ छापलेले आहेत. तुम्ही मुंबईची गाडी बघताय आणि दाते तुमच्याच कॉलेजच्या माळ्यावर पडलेत. काखेत कळसा, दुसरं काय.

पण त्याला पार्ट लागेलच असं मला वाटत नाही. रेषा लाटेसारखी हलते म्हणालात. ट्रिगरचा स्विच 'लाइन'वर टाका. लाट जागेवर थांबली तर ती मेनची आहे, इनपुटमधून येत नाही. मग दोनच संशयित: सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकलेत, किंवा शेजारी काहीतरी आहे. ते शेजारचं आधी तपासा. एकदा रामबागेतले एक काका असाच स्कोप घेऊन आले. माझ्या टेबलावर रेषा सुतासारखी सरळ. परत घरी नेला, की लाट. शेवटी त्यांच्या घरी गेलो, तर स्कोप व्होल्टेज स्टॅबिलायझरला टेकवून ठेवलेला! ट्रान्सफॉर्मरचं चुंबकी क्षेत्र थेट बीमला ओढत होतं. स्टॅबिलायझर तीन फूट लांब सरकवला, आणि काकूंच्या हातचे पोहे खाऊन परत आलो. फी घ्यायची कशाची?

इथवरचं थोडक्यात: कोणता पार्ट मेला ते मोजून ठरवा, त्याचं बाजारातलं नाव शोधा, तो सर्किटात काय करतो यावरून बदली चालेल का ते ठरवा, आणि फक्त जे उरेल त्यासाठी दाता शोधा. चार हजारांच्या स्कोपसाठी बाजारात जायची वेळ बहुधा दोन-तीन पार्टांपुरतीच येते.

दाता कुठे मिळतो हे मात्र परिस्थितीवर आहे, म्हणजे तुमच्याकडे पैसे जास्त आहेत की वेळ. वेळ असेल तर कॉलेजांच्या राइट-ऑफवर लक्ष ठेवा. स्टोअरकीपरशी ओळख ठेवणं इथे कुठल्याही वेबसाइटपेक्षा उपयोगी. सरकारी संस्थांचं भंगार एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावातून जातं, पण तिथे लॉट घ्यावा लागतो. एका स्कोपसाठी चाळीस खुर्च्या आणि दोन एसी गळ्यात पडतील. मोठे कबाडी तो लॉट घेतात आणि मग सुटा माल त्यांच्याकडून मिळतो. महूच्या एका जुन्या कबाड्याकडून मी वर्षानुवर्षं घेतोय. तो वजनावर भाव सांगतो, मी गप्प बसतो. फक्त ट्यूबची मान शाबूत आहे ना, हे टॉर्च घेऊन बघतो आणि मगच खिशात हात घालतो.

परदेशातून मागवायचं असेल तर आधी पूर्ण हिशेब करा. पार्ट पाच डॉलरचा, टपाल पंचवीसचं, वर कस्टम ड्युटी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून मी वर्षभर यादी करत राहतो आणि एकदाच मागवतो. १५५ नंबरच्या आयसीसारखं खरंच दुसरीकडे न मिळणारं काही असेल तरच त्या वाटेला जा. टेक्ट्रॉनिक्ससाठी टेकविकी बघा, मॉडेलनुसार माहिती तिथे आहे; जुन्या मॅन्युअलसाठी बामा नावाचा संग्रह आहे. टेक्ट्रॉनिक्स आणि एचपीच्या जुन्या यंत्रांच्या शौकिनांचे मेलिंग ग्रुपही आहेत. तिथले म्हातारे फार उदार असतात, पण 'स्कोप चालत नाही, मदत करा' एवढंच लिहिलंत तर कुणी उत्तर देत नाही. पाच सप्लायचे आकडे लिहिलेत तर रात्रीतून तीन उत्तरं येतात.

बाजारात बनावट मालही आहे. जुना किंवा स्वस्त पार्ट घासून त्यावर महागडा नंबर छापतात. आयसी असेल तर कापसाला अॅसिटोन लावून पुसा. छपाई किंवा वरचा काळा थर निघाला तर परत करा. एकाच पाकिटातल्या दहा आयसींचा तारखेचा कोड एकच आणि पाय मात्र वेगवेगळ्या चमकीचे, हेही लक्षण वाईट. पॉवर ट्रान्झिस्टरचा खरा कस ब्रेकडाउनवर लागतो: मोठा रेझिस्टन्स मालिकेत घेऊन व्होल्टेज हळूहळू वाढवा आणि कुठे वाकतो ते बघा. डेटाशीटमध्ये १०० लिहिलंय आणि ४० ला वाकला, तर तो ट्रान्झिस्टर दुसराच कुणीतरी आहे.

तुमच्या स्कोपला लागू नाही, पण पुढेमागे कामाला येईल म्हणून आणखी एक. ऐंशीच्या दशकातल्या आणि नंतरच्या यंत्रांत कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत असतात. टेक्ट्रॉनिक्स २४६५बी च्या नंतरच्या स्कोपांत डॅलसची डीएस१२२५ ही मेमरी आयसी असते, बॅटरी तिच्या पोटातच. एचपी ३४७८ए या मल्टिमीटरमध्ये तीन व्होल्टचा लिथियम सेल बोर्डाला सोल्डर केलेला. मी एकदा घाईत असा सेल काढला, नवा लावला आणि मग लक्षात आलं की आकडे गेले. मीटर ठणठणीत, पण सांगतो ते सगळं खोटं. पुन्हा कॅलिब्रेशन करून घ्यायचे पैसे मी पदरचे भरले, गिऱ्हाईकाला त्याचा काय दोष. आता आधी मेमरी वाचून फाइल जपून ठेवतो, आणि सेल काढताना त्याच्या समांतर बाहेरून तीन व्होल्ट जोडून ठेवतो. डीएस१२२५ च्या जागी एफएम१६डब्ल्यू०८ ही फेरोइलेक्ट्रिक मेमरी छोट्या अडॅप्टरवर बसवता येते. तिला बॅटरीच लागत नाही.

आणि बटणं, नॉब, दांडे हेही पार्टच आहेत, टाकून देऊ नका. टेक्ट्रॉनिक्सच्या नॉबचे स्क्रू इंची मापाचे आहेत, एक षोडशांश इंचाची अॅलन की लागते. दीड मिलिमीटरची की घातलीत तर स्क्रू आतून गोल होईल आणि मग ड्रिल. स्विचांवर गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कागदाची पट्टी घेऊन एकेक संपर्क पुसा. निम्म्या यंत्रांचं दुखणं तिथेच जातं.

तुम्ही मल्टिमीटरचंही विचारलंत, अॅव्हो ८ चं. त्याची १५ व्होल्टची बॅटरी दुकानात शोधत फिरू नका. तीन व्होल्टचे पाच नाणेसेल एका नळीत मालिकेत रचा, झाली बॅटरी. ओहमच्या वरच्या रेंजपुरतीच ती लागते, वर्षानुवर्षं पुरते.

आता उद्या एवढंच करा: बीम फाइंडर दाबून बघा, पाच सप्लाय मोजा आणि आकडे लिहून पाठवा. सोबत हेही सांगा की आत कुणी आधी सोल्डर केल्याच्या खुणा दिसतात का, कारण मेलेल्या यंत्रापेक्षा अर्धवट दुरुस्त केलेलं यंत्र जास्त छळतं. ट्यूब गेली असेल तर महूला निरोप देतो, थोडी वाट पाहावी लागेल. १५ व्होल्टवरचा टँटॅलम निघाला तर मागवू नका. माझ्या डब्यात पन्नास पडलेत. संध्याकाळी सहानंतर परदेशीपुऱ्याकडे या आणि घेऊन जा. येताना तो शॉर्ट झालेला जुना घेऊन या, मुलांना दाखवायला मी ते जमवतो.